नागमोडी रेघ: खरा अभ्यासक आणि अभ्यासकाचा आव

प्रश्न विचारणाऱ्या ताई वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरात राहतात आणि महिन्यातून एकदा एका मराठी वाचक मंडळाच्या बैठकीला जातात. तिथे येणाऱ्या काही वक्त्यांचे बोलणे ऐकताना त्या भारावून जातात, मात्र घरी परतल्यावर 'आज काय ऐकले' असे यजमानांनी विचारले की त्यांना दोन वाक्येही सांगता येत नाहीत. त्यांचा प्रश्न असा आहे: खरा विचारवंत आणि विचारवंत असल्याचा आव आणणारा माणूस यांतला फरक, त्या विषयाचे शिक्षण नसलेल्या वाचकाने कसा ओळखावा?

ताई, तुमच्या प्रश्नातील शेवटचे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. विषय ठाऊक असेल तर पारख करणे फारसे अवघड नसते. अडचण येते ती विषय ठाऊक नसताना कोणाचे ऐकायचे हे ठरवावे लागते तेव्हा. म्हणून 'ढोंगी कोण' यापेक्षा 'मला न कळणाऱ्या विषयात मी कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवू' हा तुमचा खरा प्रश्न आहे, असे मी समजतो. दुसऱ्याच्या मनातला हेतू आपल्याला दिसत नाही, आणि जाणूनबुजून आव आणणारी माणसे मला थोडीच भेटली. आपण विद्वान आहोत अशी स्वतःचीच समजूत करून घेतलेली पुष्कळ भेटली. तेव्हा हेतूचा निवाडा बाजूला ठेवावा आणि वागणूक पाहावी.

हे मी कोणत्या अनुभवावर सांगतो तेही स्पष्ट करतो. मी वडोदऱ्यातील एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात एकतीस वर्षे काम केले, आणि नोकरीच्या उत्तरार्धापासून निवृत्तीनंतरपर्यंत मिळून अठरा वर्षे एका मराठी व्याख्यानमालेच्या निवड समितीवर होतो. संदर्भ विभागाच्या टेबलामागे बसणाऱ्याला सभागृहातल्या श्रोत्याला न दिसणारी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे व्यासपीठावर चढण्याआधी आणि तिथून उतरल्यावर माणूस पुस्तकाशी कसा वागतो. काही वाचक हवे ते वाक्य सापडताच पुस्तक मिटतात. काही त्या वाक्याच्या मागची आणि पुढची दहा पाने वाचतात, आणि मग अस्वस्थ चेहऱ्याने येऊन सांगतात की लेखकाला तसे म्हणायचे नव्हते, मला वाटले होते तसा आधार इथे मिळत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या वाचकांकडून मी जे शिकलो तेच पुढे लिहीत आहे.

आधी ज्या खुणांवर आपण सहज विसंबतो आणि विसंबू नये, त्यांविषयी थोडे. ओघवती वाणी, मुखोद्गत श्लोक, युरोपीय तत्त्वज्ञांच्या नावांची रास आणि नावापुढची पदवी यांपैकी कोणतीही गोष्ट विद्वत्तेच्या विरुद्ध जात नाही, पण तिचा पुरावाही ठरत नाही. विष्णु नारायण भातखंडे शिक्षणाने आणि व्यवसायाने वकील होते. तरीही १९१६ साली आपल्या वडोदऱ्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेमागे त्यांचाच अभ्यास उभा होता. उलट बाजूचा गैरसमजही तितकाच घातक आहे. 'जो सोपे बोलत नाही तो ढोंगी' हे वाक्य अलीकडे फार ऐकू येते आणि मला ते मान्य नाही. काही विषय मुळातच कठीण असतात, आणि त्यांतील परिभाषा टाळून बोलले तर ते चुकीचे बोलले जातात. पाहायचे एवढेच की, 'हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरलात' असे विचारल्यावर वक्ता एखादे उदाहरण देऊन तो उलगडतो, की त्याच्या जागी दुसरा तितकाच जड शब्द ठेवतो.

वक्तृत्व आणि विद्वत्ता यांची फारकत मला सर्वांत स्पष्ट दिसली ती एका निवृत्त कारकुनात. ते महसूल खात्यातून निवृत्त झाले होते, बोलताना अडखळत, आणि चार माणसांसमोर उभे राहण्याचा प्रसंग आला की त्यांचा आवाज बसत असे. मात्र मोडी वाचण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि जुनी घराण्याची कागदपत्रे घेऊन येणाऱ्या लोकांना मी त्यांच्याकडे पाठवत असे. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घही सहसा पाळत नाहीत. त्यामुळे एकच ओळ कधीकधी दोन ठिकाणी तोडता येते आणि दोन वेगळे अर्थ देते. असे स्थळ आले की हे गृहस्थ थांबत. कागद आणणाऱ्याला हवा असलेला अर्थ त्यांना चांगला ठाऊक असे, कारण लोक आधीच सांगत की आमच्या पणजोबांना अमुक गाव इनाम होते. तरीही ते दोन्ही वाचने लिहून देत आणि पुढे पेन्सिलीने नोंद करत की पहिले वाचन अधिक संभवनीय वाटते, मात्र दुसरे नाकारता येत नाही. लोक नाराज होऊन जात. माझ्या पाहण्यात आलेल्या सर्वांत प्रामाणिक अभ्यासकांपैकी ते एक होते, आणि आमच्या समितीने त्यांना एकदाही व्याख्यानाला बोलावले नाही.

त्यांच्या पेन्सिलीच्या नोंदीसारखीच एक खूण मोठ्या विद्वत्कार्यातही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्णत्वास नेले. देशभरातील हस्तलिखिते पडताळून त्यांतून सर्वांत जुना पाठ निश्चित करण्याचा तो प्रयत्न होता. त्या आवृत्तीत मुख्य श्लोकाखाली निरनिराळ्या पोथ्यांतले पाठभेद दिलेले आहेत, आणि जिथे स्वीकारलेल्या पाठाविषयी संपादकांची पुरेशी खात्री नव्हती तिथे त्या अक्षरांखाली एक नागमोडी रेघ ओढलेली आहे. त्याच धर्तीचे काम आपल्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणावर केले. १९६० ते १९७५ या काळात त्याची सातही कांडे प्रसिद्ध झाली. एकेका श्लोकावर दिवसचे दिवस घालवलेल्या माणसांनी आपल्याच निर्णयाखाली 'इथे आम्ही चुकत असू' अशी खूण करावी, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तरुण होतो, आणि त्या पानाने माझी विद्वत्तेविषयीची कल्पना बदलली. पाठभेद खाली छापण्याचा अर्थ असा की, संपादकाशी असहमत होण्यासाठी लागणारे साहित्य त्याने स्वतःच वाचकाच्या हाती दिले आहे.

तेव्हा कोणाचेही व्याख्यान ऐकताना किंवा लेख वाचताना मी हीच नागमोडी रेघ शोधतो. बोलणारा आपल्या विधानांत वजनाचा फरक करतो का? 'हे निश्चित आहे', 'हे बहुतेक असे असावे', 'हा माझा तर्क आहे' अशा तीन पायऱ्या त्याच्या बोलण्यात ऐकू येतात, की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी विधाने एकाच ठाम सुरात येतात? विषय कळत नसला तरी हा फरक कानाला कळतो, आणि म्हणूनच तुमच्यासारख्या श्रोत्याला तो उपयोगी पडेल. इथे एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रत्येक वाक्याला 'कदाचित' जोडणारा माणूसही तितकाच पोकळ असू शकतो, कारण सगळीकडेच रेघ ओढली तर तिला काही अर्थ राहत नाही. ज्याने काम केलेले असते त्याला आपली जमीन कुठे घट्ट आहे आणि कुठे भुसभुशीत आहे हे नेमके ठाऊक असते, आणि तो नेमकेपणाच ऐकण्यासारखा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चूक दाखवल्यावर माणूस काय करतो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि राजपुत्रांच्या शिक्षणाचे काम करता करता इतिहासाकडे वळले. विद्यापीठातील प्राध्यापकी त्यांनी केली नाही. 'रियासत' या त्यांच्या इतिहासग्रंथमालेचे भाग प्रसिद्ध होऊन नाव झाल्यानंतरही, नवे कागद उजेडात आले की ते आपलेच लेखन पुन्हा तपासून सुधारित आवृत्त्या काढत राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, म्हणजे ज्या कागदांच्या आधारे आपली स्वतःची जुनी विधाने खोडली जाऊ शकतील असे कागदच त्यांनी सर्वांसाठी खुले केले. त्यांच्या निष्कर्षांशी पुढच्या इतिहासकारांचे मतभेद झाले आणि ते होणारच होते. पण ते मतभेद मांडता आले, यात सरदेसायांच्या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

याच्या उलट अनुभवही सांगतो, कारण त्यात माझा दोष आहे आणि तो मला आजही सलतो. आमच्या व्याख्यानमालेत एका वर्षी एक वक्ते आले. सभागृह भरून लोक दारात उभे होते. त्यांनी दीड तासात निदान पंधरा ग्रंथांचे हवाले दिले, आणि त्यांतले एक अवतरण इतके समर्पक होते की टाळ्या थांबेनात. चार दिवसांनी अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी माझ्या टेबलापाशी आला; त्याला ते अवतरण मुळातून वाचायचे होते. आम्ही दोघांनी त्या लेखकाचे उपलब्ध असलेले सर्व लेखन पाहिले, सूची तपासल्या, पण अवतरण सापडले नाही. मी वक्त्यांना अत्यंत आदराने पत्र लिहिले. पहिले उत्तर आले की फार पूर्वी वाचले होते, ग्रंथाचे नाव आता आठवत नाही. हे मला अजिबात गैर वाटले नाही. स्मृती कोणाचीही दगा देते. म्हणून मी पुन्हा लिहिले की, निदान पुढील व्याख्यानात हा हवाला तपासून द्यावा. त्यावर आलेल्या उत्तरात त्या विद्यार्थ्याचा उल्लेख 'अक्षरांचा कीस काढणारा' असा होता, आणि विचारांची भव्यता ग्रंथपालांना कळत नाही असेही एक वाक्य होते. आमच्या समितीने त्यांना दोन वर्षांनी पुन्हा बोलावले, कारण सभागृह भरते. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो. त्या विद्यार्थ्याने पुन्हा आमच्या व्याख्यानमालेकडे पाऊल टाकले नाही.

या प्रसंगातून मी शिकलो ते असे की, हवाला न सापडणे ही खूण नव्हे. ती चूक उत्तम अभ्यासकाच्याही हातून होते. प्रश्न विचारणाऱ्याला लहान करणे ही खूण आहे. ज्याची निष्ठा विषयावर असते, त्याला चूक दाखवणारा माणूस उपयोगी वाटतो, निदान राग ओसरल्यावर तरी वाटतो. ज्याची निष्ठा स्वतःच्या प्रतिमेवर असते, त्याला तोच माणूस शत्रू वाटतो. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितल्यावर पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास लिहिला, आणि त्यातला पढतमूर्ख अडाणी नाही, तो बहुश्रुत आहे. त्याचे मूर्खपण त्याच्या अभिमानात आणि वागण्यात आहे. तुमच्या प्रश्नातही हा भेद ध्यानात ठेवावा: कमी वाचलेला माणूस वेगळा, आणि वाचनाचा आडोसा करणारा माणूस वेगळा.

आता बैठकीत प्रत्यक्ष काय विचारावे याविषयी. कोणाला कोंडीत पकडण्यासाठी प्रश्न विचारू नयेत. त्याने सभ्य माणूस अवघडतो आणि धूर्त माणूस सहज निसटतो. मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न असा आहे: 'या विषयावर आपल्याशी सहमत नसलेल्या कोणत्या अभ्यासकाचे लेखन आम्ही वाचावे, आणि त्यांचे म्हणणे थोडक्यात काय आहे?' आपल्याकडे शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष मांडण्याची जी रीत होती, तिचाच हा घरगुती अवतार आहे. शास्त्रकार आधी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडत असत, आणि मगच त्याचे खंडन करून सिद्धांताकडे जात. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात मोठेपणा मानला जात नसे. मी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे. खरा अभ्यासक बहुधा खुलतो. त्याच्या मनात तो वाद वर्षानुवर्षे चालू असतो, आणि विरोधकाचे सर्वांत बळकट मुद्दे त्याला आपल्या मुद्द्यांइतकेच तोंडपाठ असतात. आव आणणारा सांगतो की विरोधकांना विषय कळलेलाच नाही, किंवा ते विकले गेलेले आहेत. हे उत्तर ऐकले की मी वहीत पुढे काही लिहीत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून साधा आहे: 'गेल्या काही वर्षांत या विषयावरचे आपले कोणते मत बदलले, आणि कशामुळे?' इथे उत्तर लगेच येईलच असे नाही, आणि काही मिनिटे विचार करणाऱ्याला वेळ द्यावा. ज्याला एकही उदाहरण आठवत नाही त्याच्याविषयी लगेच निष्कर्ष काढू नये, मात्र नोंद ठेवावी.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही बाबी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. एकच माणूस एका विषयात अस्सल आणि दुसऱ्यात पोकळ असू शकतो. किंबहुना हे फारच वारंवार घडते. आयुष्यभर व्याकरणात खपलेल्या पंडिताला लोक अर्थकारणावर मत विचारतात, आणि नकार देण्याची सवय नसल्यामुळे तोही ते देतो. अशा वेळी त्याच्या व्याकरणावरचा विश्वास काढून घेऊ नये आणि अर्थकारणावर तो ठेवू नये. तसेच तरुण मुलांच्या बाबतीत फार कठोर होऊ नये. विशीतला मुलगा न पचलेले शब्द वापरतो, आवडत्या प्राध्यापकांसारखे हातवारे करतो. पण शिकण्याच्या वाटेवर अनुकरण ही एक पायरी असते, आणि तिच्यावरून त्याला ढोंगी म्हणणे हा अन्याय आहे. चाळिशीनंतरही तो त्याच पायरीवर उभा असेल तर मात्र वेगळे.

सर्वांत मोठी सावधगिरी आपल्या स्वतःच्या नजरेविषयी आहे. याच शहरात, सयाजीराव महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत जाऊन कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी आले, आणि जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. सयाजीबागेत ते ज्या झाडाखाली अस्वस्थ होऊन बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. त्या वेळच्या वडोदऱ्यात सुशिक्षित लोक कमी नव्हते. तरीही त्या काळातील सर्वांत अभ्यासू तरुणांपैकी एक त्यांच्यासमोर उभा असताना त्यांना तो दिसला नाही. म्हणून 'हा विद्वान वाटतो' आणि 'हा वाटत नाही' असे मनात आले की मी स्वतःला विचारतो, हे माझ्या कानांनी ठरवले की आडनावाने, उच्चारांनी, वस्त्रांनी आणि ओळखीपाळखींनी ठरवले? स्त्रियांच्या बाबतीतही आमच्या समितीत हे घडले. अठरा वर्षांत स्त्रियांची नावे फारच थोडी आली, आणि आली तीही बहुतेक 'महिलांसाठी विशेष' अशा दिवशी. अभ्यास करणाऱ्या स्त्रिया रोज माझ्या टेबलासमोर बसत होत्या.

आता तुमच्या त्या अनुभवाकडे येतो, की ऐकताना भारावून जाता आणि घरी काही सांगता येत नाही. यात नेहमीच वक्त्याचा दोष असतो असे नाही. थकलेल्या मनाला उत्तम विवेचनही निसटते. यासाठी एक सवय लावून पाहा. बैठकीहून आल्यावर त्याच रात्री वक्त्याची तीन विधाने स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि त्यांतील एकच विधान पुढच्या महिनाभरात मुळातून तपासा. तीन विधाने लिहायला सापडलीच नाहीत, असे एकाच वक्त्याच्या बाबतीत दोनतीनदा झाले, तर मग तिथे फक्त नाद होता असे समजायला हरकत नाही. तपासण्याच्या कामात आपले शहर नशीबवान आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. शिकलेल्या माणसाने स्वतः वाचून खात्री करावी, यासाठीच ती सोय होती. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन एखादा हवाला शोधायला एक दुपार पुरते, आणि संदर्भ विभागातल्या माणसाला अशा प्रश्नाने कधीच त्रास होत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

घाई मात्र करू नका. मी एका व्याख्यानावरून कोणाविषयीही कायमचे मत बनवत नाही. वर्षभरात तीन वेळा ऐकले, दोन लेख वाचले आणि एक हवाला तपासला, की साधारण अंदाज येतो, आणि तोही पुढे बदलावा लागतो.

ज्या निवृत्त कारकुनांचा उल्लेख वर केला, त्यांच्याविषयी एक गोष्ट राहिली. एका पावसाळ्यात, भर पाण्यात, ते छत्री टपकत ठेवून माझ्या टेबलापाशी आले. चार महिन्यांपूर्वी त्यांनी एका संशोधक विद्यार्थिनीला एक मोडी पत्र वाचून दिले होते, आणि आता दुसऱ्या एका कागदात तेच वळण पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले होते की त्यांनी एका गावाचे नाव चुकीचे वाचले. ती विद्यार्थिनी प्रबंध सादर करण्याच्या बेतात असेल, म्हणून त्यांना तिचा पत्ता हवा होता. मी नोंदवहीतून तो काढून दिला. त्यांनी तिथेच बसून पोस्टकार्ड लिहिले, चुकीचे नाव आणि बरोबर नाव एकाखाली एक लिहून दोन्हींखाली रेघ ओढली, आणि टपाल निघण्याची वेळ होत आल्यामुळे चहा न घेताच पुन्हा पावसात बाहेर पडले.